किती अंधाराला रात्र म्हणायचे

१

निवृत्त माणसाच्या हाताशी एखादे यंत्र असावे; नाहीतर तो बायकोच्या कामावर शेरे मारू लागतो. चौतीस वर्षे मी सरकारी कचेरीत इतरांच्या टिपणांवर 'पाहिले', 'सादर', 'चर्चा करावी' असे लिहीत आलो. घरी बसल्यावर पहिल्याच महिन्यात मी भाजीतल्या मिठावर तोंडी शेरा मारला, तेव्हा माझ्या बायकोने, यमूने, माझ्यासमोरची वाटी शांतपणे उचलली आणि म्हणाली, "चर्चा संध्याकाळी करू."

मला यंत्र मिळाले ते विजेच्या खांबांमुळे. प्रताप नगराच्या पुढे नव्या लेआउटमध्ये आम्ही घर बांधले, आणि खांब आमच्या चार प्लॉट अलीकडे येऊन थांबले. वीज मंडळाने माझा अर्ज विचाराधीन असल्याचे कळवले. विचाराधीन म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. तो शब्द मी स्वतः हजारो लोकांना लिहिला आहे. पण यमूला दमा होता. नागपूरचा एप्रिल, बंद खोली, हलत नसलेली हवा. रात्री वारा मिळाला नाही की तिच्या छातीत शिट्टी वाजू लागे. मी हातपंख्याने वारा घालता घालता झोपून जात असे, आणि शिट्टीने जागा होत असे.

सन पंच्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात एका सरकारी योजनेतून काही घरांवर सौर संच प्रयोगादाखल बसवत होते. मी अर्ज कसा लिहिला असेल ते सांगत नाही, पण संच मिळाला. गच्चीवर दोन काळ्या काचेच्या प्लेटा, जिन्याखाली एक बॅटरी, दोन नळीचे दिवे, एक छोटा पंखा, आणि भिंतीवर एक राखाडी डबा. बसवायला मधुकरराव नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, समोरच्याला विद्यार्थी समजून बोलण्याची सवय.

"नानाजी, हा डबा म्हणजे या कारखान्याचा हेडक्लार्क," ते म्हणाले. "प्लेट वीज बनवते, बॅटरी साठवते, पण कोणाला कधी द्यायची हे हाच ठरवते."

"मग दिरंगाई होणार."

"दिवसा हा कोणालेच काही देत नाही. सगळं बॅटरीत. अंधार पडला की दिवा-पंखा चालू, उजाडलं की बंद. नाही तर तुम्ही भर दुपारी पंखा लावून बसाल आन् रात्री मले शिव्या द्याल."

"अंधार पडला हे त्याला कळते कसे?"

"प्लेटकडून. प्लेटवर उजेड नाही म्हणजे रात्र." त्यांनी डब्याच्या बाजूला एका भोकात पेचकस घातला. आत पितळी स्क्रू होता, भोवती एक ते दहा खुणा. "किती अंधाराले रात्र म्हणायचं, ते इथं. मी दोनवर ठेवलं आहे. चांदण्यानं किंवा कोणाच्या कंदिलानं हा फसला तर थोडा उजवीकडे फिरवा, म्हणजे तेवढ्या उजेडाले तो रात्रच समजते. एवढंच तुमच्या हातात. झाकणाले हात लावायचा नाही."

झाकणाला तार ओवून शिशाचा शिक्का मारला होता. लेखी परवानगीशिवाय शिक्का तुटला तर संच परत जाणार, अशा कागदावर मी सही केली. सही करताना बरे वाटले. शिक्का असला की मला घरात कोणी वडीलधारे असल्यासारखे वाटते.

२

पहिले नऊ दिवस सुखाचे गेले. संध्याकाळी पावणेसातला डब्यात टक् असा आवाज होई आणि पंखा फिरू लागे. पहाटे साडेपाचला पुन्हा टक् होई आणि पंखा थांबे. त्या दोन आवाजांच्या मध्ये यमू इतकी गाढ झोपे की मला सुरुवातीला तिच्या नाकाशी बोट धरून खात्री करावी लागली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता मी डब्यावरच्या दोन काट्यांचे आकडे छापील तक्त्यात भरत असे. तो तक्ता दर पंधरवड्याला मधुकररावांच्या कचेरीत पाठवायचा होता.

दहाव्या रात्री पंखा थांबल्याने मला जाग आली. उशाशी टॉर्च होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे. यमूची खाट रिकामी होती आणि जिन्याचे दार उघडे.

ती गच्चीवर होती. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ चिकटवून, पाय पोटाशी घेऊन, डोक्यावरून पदर ओढून बसली होती. आभाळ स्वच्छ, चांदण्या भरपूर, चंद्र नव्हता. नाल्यापलीकडे एक कुत्रे भुंकून कंटाळले होते.

"इथे काय बसलीस अशी?"

"सावली आहे इथे," ती म्हणाली. तिचा आवाज झोपेतल्या माणसाचा होता. मी तिचा हात धरून तिला खाली आणले. आणताना एक गोष्ट लक्षात आली आणि फार आनंद झाला: तिच्या छातीत शिट्टी वाजत नव्हती. कित्येक वर्षांत इतका मोकळा श्वास मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी डोक्यावर टॉवेल घेऊन गच्चीवर गेलो. त्या वेळी जिन्याच्या खोलीची सावली पूर्वेच्या अंगाला पडते, अरुंद, हातभर. यमू रात्री नेमकी तिथेच बसली होती. अशा खात्र्या करून घेण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्यांचा उपयोग काय होतो हे मला कधी कळलेले नाही.

३

पुढच्या रात्री पंखा दोनला थांबला, त्याच्या पुढच्या रात्री पावणेदोनला. तीन वाजले की तो आपणहून सुरू होई. मधला वेळ डब्याच्या मते दिवस होता.

मी टॉर्च लावून काटे पाहिले. चार्जिंगचा काटा शून्यावरून उठून दुसऱ्या घरात उभा होता. थरथरत नव्हता. म्हणजे प्लेटवर उजेड पडत होता आणि बॅटरी भरत होती. मी खिडकीतून बाहेर डोकावलो. अंगणातले कडुनिंबाचे झाड मला दिसत नव्हते, इतका अंधार.

मी स्क्रू तीनवर नेला. दोन रात्री पंखा अखंड चालला, यमू झोपली, मी स्वतःची पाठ थोपटली. तिसऱ्या रात्री पुन्हा टक्. चारवर नेला. मग पाचवर.

तक्त्यात रात्रीची भर दाखवणे भाग होते. मी ती लाल शाईने दाखवली. कचेरीतून तक्ता परत आला. कोपऱ्यात शेरा होता: 'रात्री चार्जिंग संभवत नाही. दुरुस्त करून फेरसादर करावे.' असे शेरे मी स्वतः मारले आहेत आणि त्यांचे पालन कसे करतात हेही मला ठाऊक आहे. मी नवा तक्ता घेतला आणि रात्रीच्या रकान्यात शून्ये घातली. नादुरुस्त संच कचेरीने काढून नेला असता, आणि यमू पुन्हा त्या शिट्टीच्या हवाली झाली असती.

आमच्या शेजारी सिंधूताई राहत. सरकारी दवाखान्यात नर्स, बहुतेक रात्रपाळी. सकाळी सातला घरी येत, त्यांच्या घरून वंदनेचे सूर येत, आणि साडेसातला त्या चहाचा पेला घेऊन आमच्या ओट्यावर येत. त्या दिवशी त्यांनी यमूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले.

"काय वं यमुताई, एवढ्या उन्हात कुठं फिरून राहिल्या? तोंड पाहा कसं रापलं."

"मी कुठे फिरते वं? दाराबाहेर पाऊल नाही माझं."

"मग नाक काहून सोललं? मले नका सांगू बाप्पा. वार्डात रोज उन्हाचे पेशंट पाहते मी." मग माझ्याकडे वळून, "नानाजी, हे काय आहे?"

मी त्यांना पंख्याचे सांगितले, काट्याचे सांगितले, आणि विमानतळाच्या झोताचा तर्क सांगितला. सोनेगावचा विमानतळ जवळच आहे. झोत प्लेटवर पडत असावा.

"थो दिवा फिरते नानाजी. एका जागी उभा राहून तुमच्या गच्चीवर पहारा थोडीच देते?"

"मग एखाद्या ट्रकचे दिवे."

"ट्रकच्या दिव्यानं नाक सोलते काय? बायको रापून राहिली, आन् तुम्ही डब्याचा कान पिरगाळून राहिले."

यमू हसली. हसताना तिच्या डोळ्यांच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या. उन्हात डोळे बारीक करून बसणाऱ्या माणसाला पडतात तशा.

४

वैशाखात यमू पूर्वी मुगवड्या घालत असे. दम्यामुळे चार वर्षे तिने ते बंद केले होते. एका संध्याकाळी तिने मुगाची डाळ भिजत घातली. मी विचारले तर म्हणाली, "उद्याचं ऊन चांगलं पडणार आहे."

सकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा माझे जुने धोतर पसरलेले होते आणि त्यावर वड्यांच्या रांगा होत्या. एक उचलून मी दाताखाली धरली. कडक. फोडून पाहिली, आतपर्यंत कोरडी. मुगवडी इतकी वाळायला दोन दिवसांचे कडक ऊन लागते. डाळ रात्री आठपर्यंत पातेल्यात होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. सूर्य अजून समोरच्या झाडांच्या वर आला नव्हता.

मी वड्या गोळा केल्या आणि डब्यात भरल्या. दुसरे काय करायचे असते मला माहीत नाही.

त्या रात्री मी जिन्याच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली उशीखाली घेतली. दीडला पंखा थांबला. मी जागाच होतो. यमू उठली, अंधारात न चाचपडता सरळ दाराशी गेली, कडीवर हात ठेवला आणि उभी राहिली. मी श्वास रोखून पडून राहिलो. मग शिट्टी सुरू झाली. ती दाराच्या फटीला तोंड लावून श्वास ओढत होती. शिट्टी वाढत गेली, मग तिचा आवाज येईना, फक्त पाठ वरखाली होत राहिली. मी टॉर्च लावला. तिचे ओठ जांभळे पडले होते.

किल्ली कुलुपात घालायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. दार उघडताच ती दोन पायऱ्या चढली आणि तिथेच तिने खोल, लांब श्वास घेतला. लहान मूल दूध पिऊन झाल्यावर घेते तसा.

"किती कोंडून घेता हो घर," ती म्हणाली आणि वर गेली.

कुलूप मी परत लावले नाही. पंखा चालू असेल तर ती झोपते. थांबला तर उठते. उठली तर वर जाते, आणि वरच तिला श्वास येतो. तेव्हा पंखा थांबता कामा नये. प्रकरण एवढेच होते, आणि ते त्या पितळी स्क्रूवर येऊन थांबले होते.

५

मी स्क्रू आठवर नेला, नंतर दहावर. त्याच्यापुढे तो फिरत नाही.

दहाच्या खुणेवर डब्याला जवळपास सगळेच रात्र वाटू लागले. दुपारी चारलाच टक् होऊन पंखा फिरे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत फिरत राही. आणि जोवर पंखा फिरे तोवर यमू झोपे. सकाळी सातला मी हाक मारली तर ती कूस बदले, नऊला हलवले तर म्हणे, "थोडं उजाडू द्या." दहाला पंखा थांबला की उठे, डोळे चोळत चार घास खाई, आणि चारला पंखा लागला की पुन्हा आडवी होई. आमच्या हातात दिवसाचे सहा तास उरले होते, आणि त्यातही ती अर्धी झोपेत बोले.

इतके करूनही रात्री बारा ते तीन पंखा थांबे. त्या तीन तासांतला उजेड दहाच्या खुणेलाही रात्र म्हणण्यासारखा नव्हता. आणि त्या तीन तासांत ती पूर्ण जागी असे. गच्चीवर तिचे चालणे ऐकू येई, झटपट, पंचवीस वर्षांपूर्वीचे. एकदा ती गुणगुणत होती. एकदा कोणाशी तरी बोलली. दोन वाक्ये, मग थांबणे, मग हसणे. मी जिन्यात बसून ऐकले. दुसऱ्या बाजूचा आवाज नव्हता. पण ती थांबे ते बरोबर तेवढेच, जेवढे समोरच्याला उत्तर द्यायला लागते.

मी वर जाऊन तिच्याशेजारी बसलो की ती काही बोलत नसे. आल्या पाहुण्याने उठावे म्हणून घरची माणसे वाट पाहतात, तशी बसून राही.

आता एकच उपाय उरला होता: झाकण उघडायचे, पंख्याच्या तारा डब्यातून काढायच्या आणि थेट बॅटरीला जोडायच्या. मग दिवस असो, रात्र असो, पंखा थांबणार नव्हता. दहा मिनिटांचे काम. मध्ये शिशाचा शिक्का होता.

मी अर्ज केला. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की पत्नीच्या प्रकृतीच्या कारणास्तव सीलबंद झाकण उघडून पंख्याची जोडणी बदलण्याची परवानगी मिळावी.' रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचपावती नीट ठेवली, आणि वाट पाहू लागलो.

सिंधूताईंना ते कळले तेव्हा त्यांनी चहाचा पेला ओट्यावर आपटला.

"तोडा न तो शिक्का! पक्कड मी आणून देते."

"परवानगी येऊ द्या."

"आन् नाही आली तं?"

"तर संच काढून नेतील. मग पंखाच नाही. मग तिला रोखायला काहीच नाही."

"हात लावून पाहिला काय त्यांच्या पाठीले? तव्यासारखी तापून राहिली रोज सकाळी. बायको मोठी का थे शिसं मोठं, नानाजी?"

"अर्ज केला आहे," मी म्हणालो. एखादी गोष्ट करण्यापूर्वी कोणी तरी 'मान्य' असे लिहावे लागते, हे माझ्या हाडांत बसले होते. शिवाय मनाशी असा हिशेब होता, की कागद कचेरीत आहे तोवर प्रकरणही तिथेच अडून बसलेले असते.

अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत सकाळी दहाला पंखा थांबल्यावर यमू उठायची ती साडेदहाला उठू लागली, मग साडेअकराला. तिने मला एकदा विचारले, "तुम्ही रात्रीचे असे कपडे घालून का बसता?" दुपारचा एक वाजला होता.

६

बाराव्या दिवशी परवानगी आली. 'मान्य. काम अर्जदाराने स्वतःच्या जबाबदारीवर करावे.' मी तो कागद दोनदा वाचला, डब्याजवळ खिळ्याला लावला आणि मगच तार कापली. शिसे टपकन खाली पडले. पंख्याच्या तारा बॅटरीला जोडल्या. पंखा फिरू लागला तो आता कोणाला विचारणार नव्हता. यमू झोपली होती. तिच्या कपाळावरच्या केसांवर वारा येत होता. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर झोपलो.

जाग आली तेव्हा रात्र होती आणि पंखा चालूच होता. त्याचा वारा रिकाम्या खाटेवर पडत होता.

तिला आता पंखा थांबण्याची गरज उरली नव्हती.

मी टॉर्च न घेता उठलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. पायरी कोमट होती. तिसरी गरम होती. वरच्या उंबऱ्यावर पाय ठेवणे कठीण झाले. मी चवड्यांवर उभा राहिलो. पुढे नेहमीचाच अंधार होता, चांदण्या होत्या. अंधारात माझे तळवे भाजत होते.

यमू कठड्याजवळ उभी होती. मला तिची पाठ आणि कठड्यावर टाकलेले वड्यांचे पांढरे धोतर दिसले, वाऱ्यावर फडफडणारे. तिने एक हात कपाळावर आडवा धरला होता आणि समोर पाहत होती, जिथे आमच्या लेआउटचे मोकळे प्लॉट आहेत आणि अजून आखणीचे दगडही पुरलेले नाहीत.

"यमू."

ती वळली. तिला मी लगेच दिसलो. शोधावे लागले नाही. "अहो, असे बोडक्या डोक्यानं आलात? आणि पायात काही नाही? भाजतील ना. जा, चपला घालून या."

"तू खाली चल आधी."

"येते ना. चपला तर घालून या. मी आहे इथेच." आणि मग कठड्याकडे तोंड करून, गल्लीत बाया एकमेकींशी बोलतात तशा आवाजात, "थांबा वं थोडं. हे येऊन राहिले."

मी तिच्या खांद्यावरून समोर पाहिले. डोळ्यांची एक उघडझाप होईल तेवढाच वेळ. तिथे गच्च्या होत्या. एकामागे एक, नाल्यापर्यंत आणि नाल्यापलीकडेही, पांढऱ्या पडलेल्या, डोळ्यांना खुपणाऱ्या. प्रत्येक गच्चीवर काही ना काही वाळत घातलेले होते. आणि सगळ्यांत जवळच्या गच्चीवर कोणीतरी कपाळावर हात आडवा धरून आमच्याकडे पाहत उभे होते.

माझ्या तळव्यांना ते सहन होईना. मी खाली पळालो. खरे कारण तेवढेच. दुसरे काही सांगायचा मोह होतो, पण पाय भाजले म्हणून मी पळालो. दाराशी चपला होत्या. एक सापडली, दुसरी खाटेखाली गेलेली होती, ती ओणवा होऊन काढली. घालून परत वर आलो. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील.

गच्ची गार होती. मी चपला काढून पाहिले. दवात भिजल्यासारखी गार. धोतर आता कठड्याजवळ पसरलेले होते आणि त्यावर नुकत्याच घातलेल्या वड्यांच्या रांगा होत्या. बोट लावले तर ओल्या.

मी तिला नावाने हाका मारल्या. आवाज नाल्यापर्यंत जाऊन मोकळ्या प्लॉटांवर विरून गेला.

७

पोलीस आले, त्यांनी नाला पाहिला, दोन विहिरी पाहिल्या, काटोल रस्त्यापर्यंत माणसे पाठवली. अंगावरच्या खुणा विचारल्या. मी 'रापलेली' असे सांगितले. लिहून घेणाऱ्याने मान वर केली आणि विचारले, शेतात काम करतात काय? सिंधूताई माझ्या शेजारी बसून होत्या. त्यांनी मला तेव्हा काही ऐकवले नाही, आजवर ऐकवलेले नाही. त्या रोज साडेसातला चहाचा पेला घेऊन येतात, आता दोन.

माझे तळवे पंधरा दिवसांनी बरे झाले. सिंधूताईंनीच मलम लावले.

जुलैत खांब आमच्या दारापर्यंत पोचले. वीज मंडळाचा माणूस फॉर्म घेऊन आला. मी तो भरला नाही. मंडळाची वीज आली की योजनेचा संच काढून नेतात, असा नियम आहे. मधुकरराव प्रयोगाची मुदत संपल्यावर संच न्यायला आले, तेव्हा मी मुदतवाढीचा अर्ज पुढे केला. त्यांनी वाकून डब्याच्या भोकात पाहिले.

"नानाजी, पंखा पुन्हा डब्यातून जोडला तुम्ही?"

"हो."

"आन् स्क्रू एकवर? अहो, एकवर तं काजव्याच्या उजेडानंही हा पंखा बंद करते. आता उलट काहून करून राहिले?"

"मला थोडा उजेड आला तरी कळायला हवे," मी म्हणालो. त्यांनी अर्जावर 'शिफारस' लिहिले आणि गेले. चांगला माणूस.

मी आता यमूच्या खाटेवर झोपतो. म्हणजे पडून असतो. संध्याकाळी टक् होते, पंखा फिरू लागतो, आणि मी तो थांबण्याची वाट पाहतो. सगळा पावसाळा तो उजाडण्यापूर्वी कधी थांबला नाही. दिवाळी झाली, थंडी पडली. थंडीत पंख्याखाली पडून राहणाऱ्या माणसाबद्दल लोक काय म्हणतात ते मला कळते. रात्रीच्या रकान्यात मी शून्य लिहितो, आणि ते खरे असते.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी डब्यात टक् झाले. पंखा मंद होत होत थांबला. वरून कोणाचे तरी चालणे ऐकू आले, झटपट.

मी आधी चपला घातल्या.